फ्लश टँकचं पाणी थांबतच नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅनिटरीच्या दुकानात बसलं की गिऱ्हाईक काय काय घेऊन येतं! कुणी खिशातून तुटका वॉशर काढतं, कुणी फोटो दाखवतं, कुणी घरून फोन लावून मोबाइल थेट टँकपाशी धरतं, "ऐका, असा आवाज येतो." नुसत्या आवाजावरून बिघाड सांगता येत नाही, पण प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. प्रश्न ३ मात्र वगळू नका. त्याचं उत्तर सापडल्याशिवाय काही विकत घेऊ नका, माझ्या दुकानातूनही.

१. फ्लश केल्यावर पाण्याचा आवाज किती वेळ येणं नॉर्मल आहे?

कमोडमध्ये पाणी पडायचं काम काही सेकंदांत संपतं. त्यानंतर येतो तो टँक भरल्याचा आवाज. पाण्याला बरा जोर असेल तर मिनिट-दोन मिनिटांत टँक भरतो, वरच्या मजल्यांवर चार-पाच मिनिटंही लागतात. मग पूर्ण शांतता हवी. दहा मिनिटांनीही सूं-सूं ऐकू येत असेल, किंवा कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याची बारीक रेघ उतरताना दिसत असेल, तर बिघाड आहे. ती रेघ डोळ्यांना पटकन दिसत नाही. टिश्यू पेपरचा तुकडा कमोडच्या आतल्या कोरड्या भागावर चिकटवा, लगेच भिजला तर समजा.

२. झाकण उघडलं, आत बरंच काही दिसतंय. काय म्हणजे काय?

आत कामाच्या वस्तू दोनच. एका बाजूला टँकमध्ये पाणी घेणारा भाग, म्हणजे बॉलकॉक. जुन्यात त्याला दांडा आणि टोकाला चेंडू असतो, नव्यात चेंडूच्या जागी उभ्या नळीवर वर-खाली सरकणारा डबा. मधोमध असतो तो पाणी खाली कमोडमध्ये सोडणारा भाग. त्याला दुकानात सरसकट 'सायफन' म्हणतात. खरं तर आताच्या बहुतेक टँकांत सायफन नसतो, व्हॉल्व असतो. पण सायफन म्हटलं तरी दुकानदाराला बरोबर कळतं. या मधल्या भागालाच एक उघड्या तोंडाची उभी नळी असते, ती ओव्हरफ्लो. पाणी प्रमाणाबाहेर चढलं तर घरभर न सांडता तिच्यातून कमोडमध्ये जावं, एवढंच तिचं काम.

झाकणावर बटण असेल तर आधी बटणाची चकती फिरवून सोडवावी लागते. झाकण चिनी मातीचं असेल तर ते कमोडच्या कडेवर टेकवून ठेवू नका, फरशीवर जुनं फडकं घालून त्यावर ठेवा. बिघाड वीस रुपयांचा असतो आणि झाकण फुटतं, मग त्या मॉडेलचं झाकण गावभर शोधत फिरावं लागतं. आणि हो, टँकमधलं पाणी नळाचंच असतं. हात घालायला कचरू नका.

३. बिघाड नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं?

पाणी बहुतेक वेळा दोनच वाटांनी निसटतं (अपवाद प्रश्न १९ मध्ये). एक तर बॉलकॉक बंदच होत नाही आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडातून खाली जातं. नाही तर मधल्या भागाचा वॉशर नीट बसत नाही, पाणी तळातून झिरपतं, आणि ती तूट भरून काढायला बॉलकॉक सतत चालू राहतो. दोन्हीत आवाज सारखाच येतो. म्हणूनच लोक बॉलकॉक बदलून येतात आणि म्हणतात, "तुमचा माल खराब."

आधी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाकडे बघा. पाणी काठोकाठ येऊन आत पडत असेल तर दोष बॉलकॉकचा, प्रश्न ५ कडे जा. पाणी काठाच्या बोटभर खाली असूनही आवाज चालू असेल तर दोष तळाचा, प्रश्न ६ पाहा.

शंका उरली तर पेन्सिलची युक्ती. टँक भरू द्या, अँगल कॉक (भिंतीतून टँकला पाणी देणारा छोटा नळ) बंद करा, पाण्याच्या पातळीवर आतल्या भिंतीला पेन्सिलने खूण करा आणि अर्धा तास कुणालाही संडासात जाऊ देऊ नका. पातळी उतरली तर तळ गळतोय. तिथेच राहिली, पण कॉक उघडताच पाणी खुणेच्या वर चढत ओव्हरफ्लोपर्यंत गेलं, तर बॉलकॉक. बाहेर बसून वाट बघायची नसेल तर टँकमध्ये चमचाभर बिटाचा रस किंवा जिलेबीला घालतात तो खायचा रंग टाका. फ्लश न करता कमोडमध्ये रंग उतरला आणि पाणी ओव्हरफ्लोच्या खालीच आहे, तर वॉशर. हळद मात्र नको, तिचे डाग राहतात.

४. अँगल कॉक फिरतच नाही. जोर लावू का?

नका लावू. अँगल कॉक म्हणजे भिंतीतून निघून टँकच्या नळीला पाणी देणारा छोटा नळ. वर्षानुवर्षं हात न लागल्याने तो क्षारांनी जाम होतो. पान्याने जोर लावला तर तो भिंतीतल्या सॉकेटपाशीच तुटतो, आणि मग पाणी थांबवायला गच्चीवर पळावं लागतं. दांड्यावर लिंबूसताचं पाणी सोडून तासभर थांबा, मग हाताने थोडं पुढे, थोडं मागे असं हलवून पाहा. नाहीच फिरला तर बाथरूमच्या लाइनचा मुख्य कॉक बंद करून काम करा आणि त्याच फेरीत अँगल कॉकही बदला. इथून पुढे वर्षातून दोनदा तो उघड-बंद करायचा, म्हणजे जाम होत नाही.

५. पाणी ओव्हरफ्लोतून जातंय. बॉलकॉकचं काय करायचं?

चेंडूचा दांडा किंवा डबा हाताने वर उचला. पाणी थांबलं तर बॉलकॉक चांगला आहे, फक्त पातळी चुकीची लागली आहे. पितळी दांडा असेल तर दोन्ही हातांनी धरून चेंडूची बाजू किंचित खाली वाकवा. प्लास्टिकचा असेल तर स्क्रू असतो, डब्याच्या प्रकारात बाजूची काडी किंवा खटका असतो. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली दोन-अडीच सेंटिमीटर राहिलं पाहिजे. चेंडू काढून कानाशी हलवूनही बघा. आत पाणी खळखळत असेल तर तो नीट तरंगत नाही. अशा वेळी फक्त चेंडू बदलायचा, आख्खा बॉलकॉक नाही. दांडा टँकच्या भिंतीला घासत असेल तरीही असंच होतं, विशेषतः टँक तिरका बसवला असेल तर.

उचलूनही थांबलं नाही, तर आतला वॉशर झिजलाय किंवा कचरा अडकलाय. अँगल कॉक बंद करा, चेंडूवाल्या बॉलकॉकची पिन काढून दट्ट्या बाहेर घ्या. त्याच्या टोकाला रबराची टिकली असते. तिच्यावर गोल खड्डा पडलेला दिसेल. तातडीची सोय म्हणून ती उलटी बसवली तरी काही महिने चालते.

पूर्ण बदलायचाच असेल तर जुना काढून दुकानात घेऊन या. फोटो चालत नाही. बाजूने पाणी घेणारा आणि खालून पाणी घेणारा असे दोन प्रकार आहेत आणि फोटोत ते सारखे दिसतात. नळीचे बहुतेक आटे अर्धा इंचीच असतात. बसवताना नळीच्या टोकाच्या रबरी वॉशरनेच पाणी अडतं. प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवून पान्याने आवळलं की आटे तडकतात. हाताने घट्ट, मग पाव फेरा, बस्स.

६. पाणी तळातून झिरपतंय. सायफन बदलावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही, वॉशर पुरतो. बटणवाल्या टँकात हा मधला भाग तळाच्या खाचेत अडकवलेला असतो. अँगल कॉक बंद करून टँक रिकामा करा, तो भाग घट्ट धरून घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा आणि वर उचला. खालच्या बाजूला रबराची किंवा सिलिकॉनची गोल चकती दिसेल. तिच्यावर बोट फिरवा. बोट काळं झालं तर रबर कुजलंय, बदला. क्षारांचे कण खरखरीत लागले तर ती धुऊन उलटी बसवा. आणि जी पायरी सगळे विसरतात ती ही: चकती ज्या कडेवर टेकते, ती टँकच्या तळातली प्लास्टिकची गोल कडही जुन्या टूथब्रशने घासा. नवा वॉशर खरखरीत कडेवर बसवला तर दुसऱ्या दिवशी गळती पुन्हा सुरू.

कडेलाच खाच पडली असेल तर मात्र वॉशर कितीही बदला, उपयोग नाही. तेव्हा तळाच्या नटासकट पूर्ण फिटिंग बदलावं लागतं. दोन भागांच्या कमोडमध्ये त्यासाठी टँक खाली उतरवावा लागतो. ते काम एकट्याने करू नका.

७. परवाच झाकण काढून टँक साफ केला, तेव्हापासून पाणी थांबत नाही. काय बिघडवलं?

बिघडवलं काही नसेल. बटणाच्या खाली एक-दोन काड्या असतात, त्यांची लांबी कमी-जास्त करता येते. झाकण परत बसवताना त्या किंचित लांब राहिल्या तर बटण न दाबताही आतला व्हॉल्व अर्धवट दाबलेला राहतो. झाकण काढून ठेवल्यावर पाणी थांबतं आणि ठेवलं की सुरू होतं, हीच त्याची खूण. काड्या दोन-तीन आटे आत फिरवा. बटण आणि काडी यांच्यात अगदी थोडी मोकळीक हवी. हँडलवाल्या टँकात हाच प्रकार साखळी फार ताणून अडकवल्याने होतो.

दाबलेलं बटण वर येतच नसेल तर त्याच्या कडेत साबण आणि क्षार साठलेत. काढून गरम पाण्याने धुवा.

८. कुणी वापरत नसताना मध्येच टँक आपोआप भरतो. रात्री दचकायला होतं.

आमच्याकडे एक आजी याला 'त्याची फेरी' म्हणायच्या. कारण साधं आहे: तळ अगदी थोडा गळतो, पाणी हळूहळू उतरतं, चेंडू पुरेसा खाली गेला की बॉलकॉक उघडतो, टँक भरतो आणि पुन्हा गप्प. उपाय प्रश्न ६ चाच. ज्यांच्या इमारतीत प्रेशर पंप आहे त्यांच्याकडे हेच लक्षण वेगळ्या रूपात दिसतं. सगळे नळ बंद असतानाही पंप थोड्या थोड्या वेळाने चालू होतो. पंपवाल्याला बोलावण्याआधी एकेका फ्लशचा अँगल कॉक बंद करून बघा.

९. दिवसा ठीक असतं, पाणी फक्त रात्री वाहतं. असं का?

दिवसा सगळ्या इमारतीचे नळ चालू असतात, त्यामुळे लाइनमधला दाब कमी राहतो. रात्री वापर थांबला की दाब वाढतो. झिजत आलेला बॉलकॉक दिवसाचा दाब अडवतो, रात्रीचा अडवू शकत नाही. खालच्या मजल्यांवर हे जास्त दिसतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, म्हणजे दहाव्या मजल्यावरच्या टाकीखाली पहिल्या मजल्याला तीन किलोच्या आसपास. अँगल कॉक थोडा बंद करून ठेवल्याने आवाज आणि घाई कमी होते, पण गळका बॉलकॉक त्याने दुरुस्त होत नाही. वॉशर बदलाच.

१०. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. नवा, महागाचा बॉलकॉक बसवला तरी नीट बंद होत नाही.

इथे महाग हाच अडथळा असू शकतो. आवाज न करणाऱ्या, झटपट भरणाऱ्या काही बॉलकॉकांत पाण्याच्या दाबावर बंद होणारा पातळ रबरी पडदा असतो. टाकी टँकच्या दोन-तीन मीटरच वर असेल तर दाब पाव किलोच्या आसपास येतो, आणि तेवढ्यात तो पडदा नीट बसत नाही. खोक्यावर 'कमी दाबासाठी' असं लिहिलेलं घ्या, किंवा सरळ जुन्या पद्धतीचा चेंडूचा बॉलकॉक. चेंडूच्या लांब दांड्यामुळे कमी दाबातही त्याचं काम अडत नाही. बसवणाऱ्याला तो जुनाट वाटेल, वाटू द्या.

११. गच्चीवरची टाकी धुतली आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीतले चार फ्लश एकदम बिघडले.

टाकीच्या तळाचा गाळ लाइनमध्ये उतरला. वाळूचा एक कण वॉशरखाली अडकला तरी पुरतो. अँगल कॉक बंद करा, बॉलकॉकची नळी सोडून तिचं तोंड बादलीत धरा आणि कॉक क्षणभर पूर्ण उघडा, गाळ निघून जाईल. नळी जोडते तिथे बारीक जाळी असते तीही धुवा. उभ्या बॉलकॉकची टोपी फिरवून निघत असेल तर ती काढून, वर पेला उपडा धरून, पाणी दोन-चार सेकंद सोडा. पेला विसरलात तर छतापर्यंत कारंजं. टाकी धुण्याच्या दिवशी सगळ्यांनी अँगल कॉक बंद ठेवले तर ही वेळच येत नाही, पण तशी सूचना कोणी लावत नाही.

१२. बोअरचं पाणी आहे. वॉशर वारंवार जातो. संडास साफ करायचं अॅसिड टँकमध्ये टाकलं तर?

अजिबात नको. त्या अॅसिडने क्षार जातील, पण रबर आणि धातूचे भागही खराब होतील. लिंबूसत किंवा व्हिनेगर वापरा. भाग बाहेर काढून कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रश मारा. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या घरांत वर्षातून दोनदा हे करावं लागतं, त्याला इलाज नाही. वॉशर घेताना सिलिकॉनचा मागा, काळ्या रबरापेक्षा जास्त टिकतो.

टँकमध्ये टाकायच्या गोळ्यांचंही तेच. ज्यांत क्लोरीन असतं त्या गोळ्या वॉशर कडक करून तडकवतात. आणि ब्लीच व अॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि संडास ही बंद जागा.

१३. टँक भिंतीत आहे. टाइल्स फोडाव्या लागतील?

नाही. बटणाची चौकोनी पट्टी हेच त्याचं दार. ती वर सरकवून किंवा खालून उचकटून निघते. मागे हात जाईल एवढी जागा असते, आत छोटा बंद करायचा कॉक असतो, आणि बॉलकॉक व व्हॉल्व दोन्ही त्याच खिडकीतून सुटे होऊन बाहेर येतात. निदान प्रश्न ३ प्रमाणेच. अडचण सुट्या भागांची: त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा भाग लागतो. म्हणून पट्टीमागचा क्रमांक एकदा फोटो काढून ठेवा. "फोडल्याशिवाय होणार नाही" म्हणणाऱ्याने बहुधा ती पट्टी कधी उघडलेली नसते.

१४. आमच्याकडे टँकच नाही, भिंतीतला मोठा बटणवाला फ्लश व्हॉल्व आहे. तो वाहतोय.

त्याचं तंत्र निराळं. बटण सोडल्यावर पाणी एका बारीक छिद्रातून आत शिरतं आणि आतला दट्ट्या दाबून बंद करतं. छिद्रात कण अडकला की दट्ट्या उघडाच राहतो आणि पाणी धो धो जातं, टँकपेक्षा कितीतरी जास्त. पुढच्या झाकणाआड स्क्रूने बंद करायची सोय असते, ती आधी वापरा. मग आतला भाग काढून छिद्र मऊ ब्रशने साफ करा. सुई किंवा तार घालू नका, छिद्र मोठं झालं की वेळेचं गणितच बिघडतं.

१५. जुन्या घरातला, वर बसवलेला साखळीचा टँक आहे. साखळी सोडली तरी पाणी पडतच राहतं.

हा खरा सायफन. त्यात तळाला वॉशर नसतो, म्हणून प्रश्न ६ इथे लागू नाही. एकदा सुरू झालेला प्रवाह हवा आत शिरली की तुटतो. पाणी ज्या वेगाने जातं त्याच वेगाने वरून येत राहिलं तर हवा शिरतच नाही. येणाऱ्या पाण्याचा कॉक अर्धा बंद करा, पुष्कळदा एवढ्यानेच भागतं. नुसती बारीक धार असेल तर पातळी सायफनच्या माथ्यावर चढतेय, म्हणजे बॉलकॉक.

१६. पाणी किती वाया जातं? बिल तर सोसायटी भरते.

पेन्सिलच्या खुणेवरून हिशेब काढा. टँकची आतली लांबी ३५ आणि रुंदी १५ सेंटिमीटर धरली तर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण अर्धा लिटर. अर्ध्या तासात एवढं उतरलं तर दिवसाला २४ लिटर. ही बारीक गळती झाली. ओव्हरफ्लोतून मिनिटाला दोन लिटर जात असतील तर दिवसाला २,८८० लिटर. शहरात माणशी १३५ लिटरचा निकष धरला तर एकवीस माणसांचं पाणी.

बिल सोसायटी भरते हे खरं, पण आदर्श उपविधींप्रमाणे पाणीपट्टी प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार यांच्या प्रमाणात वाटली जाते, वापराप्रमाणे नाही. म्हणजे तुमच्या फ्लशचे पैसे समोरचे काका भरतात आणि त्यांच्या फ्लशचे तुम्ही. टँकर मागवायची वेळ आली की सभेत हाच विषय निघतो.

१७. प्लंबर दोन दिवसांनी येणार. तोवर?

अँगल कॉक बंद ठेवा, फ्लश करण्यापुरता उघडा. ते सारखं जमणार नसेल तर बादली: पाच-सहा लिटर पाणी थोड्या उंचीवरून एकदम ओता, हळूहळू नाही. गावाला जातानाही कॉक बंद करूनच कुलूप लावा.

१८. मुलीचं घर परदेशात आहे. तिथेही हेच लागू?

अमेरिकेत बहुतेक टँकांत तळाला साखळीला बांधलेली रबरी झडप असते, ती हाताने पाच मिनिटांत बदलता येते. ब्रिटनमध्ये २००१ पर्यंत सायफनच बसवावा लागत असे, त्यामुळे तिथल्या जुन्या घरात पाणी वाहत असेल तर आधी बॉलकॉकवर संशय घ्यायचा. निदानाची पद्धत तीच.

१९. बॉलकॉक बदलला, वॉशर बदलला, तरी पातळी उतरतेच.

पेन्सिलची युक्ती पुन्हा करा, पण या वेळी अर्ध्या तासाऐवजी रात्रभर ठेवा आणि पाणी कुठे येऊन थांबतं ते बघा. पार तळापर्यंत गेलं तर वॉशर किंवा त्याची कड. मध्येच एका उंचीवर थांबलं तर ओव्हरफ्लो नळीला नेमकी त्या उंचीवर भेग आहे. नळी हाताने वाकवली की दिसते. काही टँकांत बॉलकॉकपासून एक बारीक लवचिक नळी ओव्हरफ्लोत सोडलेली असते. तिचं टोक खोल बुडलेलं असेल तर ती स्वतःच पाणी ओढून घेते. ते टोक वर, तोंडाच्या काठावर अडकवा. आणि कमोडमध्ये काहीच उतरत नाही पण टँक रिकामा होतोय, तर टँकच्या खालून हात फिरवा. बोल्टच्या वॉशरजवळ ओलं लागेल.